रँच बघायला जूनमध्ये जाऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्व्हर परिसरातली तीन मराठी कुटुंबं मिळून वायोमिंगमध्ये, ग्रीन नदीच्या वरच्या खोऱ्यात, एक चालू रँच घ्यायच्या विचारात आहेत. जाहिरातीत लिहिलंय: 11,400 एकर, 300 गाई, 340 एकर ओलिताचं गवत आणि '1889 चे ज्येष्ठ पाणीहक्क'. जूनमध्ये जाऊन आले तेव्हा ओढा दुथडी भरून वाहत होता आणि गवत पोटरीपर्यंत आलं होतं. त्यांना विचारायचंय की जमीन खरंच आपली होणार का, पाणी कायमचं मिळणार का, आणि माणूस ठेवून, स्वतः शनिवार-रविवार जाऊन हे चालेल का. शेवटी चौथी ओळ आहे: "आईला काय सांगायचं ते कळत नाही." तिच्याकडे शेवटी येतो.

मी परभणीला पशुवैद्यकी शिकलो, मग फोर्ट कॉलिन्सला चराऊ जमिनींचं शास्त्र, आणि गेली 22 वर्षं वायोमिंग-कोलोरॅडोत रँच घेणाऱ्यांसाठी गवत आणि पाणी तपासून देतो. तेव्हा आधी सरळ उत्तर. त्या 11,400 एकरांपैकी तुमच्या नावावर होणार आहेत 2,900. पाणी मिळेल, पण 340 एकरांना सारखं मिळणार नाही. माणूस ठेवून चालेल, पण तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस आहे तो ठेवून नाही.

जमिनीपासून सुरू करू. तुम्ही पाठवलेल्या कागदांत बारीक अक्षरांत फोड दिली आहे: मालकीची 2,900 एकर, बीएलएमची म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याची 7,220 आणि वायोमिंग राज्याकडून भाडेपट्ट्याने 1,280. यात फसवाफसवी नाही, इकडे रँच अशाच विकल्या जातात. नकाशावर बघा, मालकीची जमीन ओढ्याच्या दोन्ही काठांना पट्टीसारखी पसरली आहे आणि तिच्याभोवती सरकारी माळ. 1862 च्या होमस्टेड कायद्याने माणशी 160 एकर मिळायची, तेव्हा लोकांनी डोकं लावून फक्त पाण्याकाठची जमीन उचलली. पाणी ज्याच्या ताब्यात, आजूबाजूचा माळ आपोआप त्याचाच. जॉन वेस्ली पॉवेलने 1878 च्या अहवालात स्पष्ट सांगितलं होतं की या कोरड्या मुलखात गुरांवर जगायचं तर एका कुटुंबाला 2,560 एकर लागतील, त्यातली वीसेक एकर भिजणारी. (तुमची कोरडवाहू जमीन योगायोगाने नेमकी 2,560 एकर भरते.) काँग्रेसने त्याचं ऐकलं नाही. 1916 साली कुठे 640 एकरांवर आली, आणि तीही जमिनीखालची खनिजं सरकारकडे ठेवून. तुमच्या पट्ट्यातला बराच भाग त्या 1916 च्या कायद्याखालचा दिसतो. त्या जिल्ह्यात जोना आणि पाइनडेल अँटिक्लाइन ही मोठी गॅसक्षेत्रं आहेत, त्यामुळे खाली काय आहे, कोणाचं आहे आणि ते काढायला कोण येऊ शकतं, हे वकिलाकडून लेखी घ्या.

बीएलएमच्या माळावर चरायचं परमिट 1934 च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने आलं. ते सहसा 10 वर्षांचं असतं आणि तुमच्या मालकीच्या जमिनीला, म्हणजे 'बेस प्रॉपर्टी'ला जोडलेलं असतं. या परमिटाने जमिनीत कोणताही हक्क वा हितसंबंध निर्माण होत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे कायद्याच्या लेखी त्याची किंमत शून्य, आणि बाजारात मात्र लाखो डॉलर. असं का, तर सरकारी चराईचा दर 2019 पासून 2025 पर्यंत दरवर्षी गाय-महिन्याला 1.35 डॉलर, आणि खासगी कुरणाचा दर त्याच्या कित्येक पट. हा फरक विकणारा रँचच्या किमतीत आधीच वसूल करतो.

पुढचा मुद्दा तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे, आणि दलाल तो काढणार नाही. हे परमिट रँचबरोबर आपोआप तुमच्या नावावर चढत नाही. तुम्हाला अर्ज करावा लागतो, आणि अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो किंवा त्याने नागरिकत्वाच्या इराद्याची कागदपत्रं रीतसर दाखल केलेली असावी लागतात. भागीदारी असेल तर सगळे भागीदार या अटीत बसायला हवेत. तुम्ही लिहिलंय की तिघांपैकी एक कुटुंब अजून एच-वन-बीवर आहे. राज्यात धंदा करायला अधिकृत अशी कंपनी काढणं हा रस्ता असतो, पण तो वकिलाबरोबर बसून व्यवहाराआधी ठरवायचा. इसार देऊन मग पाइनडेलच्या बीएलएम ऑफिसात चौकशीला गेलेले लोक मी पाहिले आहेत. दुसरी गोष्ट, परमिट नुसतं ठेवून भागत नाही, गुरं चरायला लागतात. सलग दोन वर्षं माळ मोकळा ठेवलात तर ते रद्द होऊ शकतं. आणि माळावर दुसऱ्याची गुरं चारलीत तर वर अधिभार बसतो. 'पहिली दोन वर्षं नुसती जमीन सांभाळू, गुरं नंतर घेऊ' हा तुमचा बेत तिथेच मोडतो.

आता 300 गाईंचा आकडा. इकडे चाऱ्याचं माप ए.यू.एम. आहे, म्हणजे एक गाय वासरासकट एका महिन्यात जेवढं खाते तेवढं. मी त्याला गाय-महिना म्हणतो. जाहिरातीत बीएलएमचे 1,240 गाय-महिने लिहिलेत. परमिटच्या प्रतीत त्यातले 900 चालू आहेत आणि 340 स्थगित. स्थगित म्हणजे कागदावर आहेत, माळावर नाहीत, ते सोडून द्या. तिकडच्या सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळावर एका गाय-महिन्याला मी आठ एकर धरतो. म्हणून राज्याच्या जमिनीवर 160, तुमच्या कोरडवाहूवर 320. गवत कापून नेल्यावर ओलिताच्या शेतात जी मागची फूट येते तिचे 340. सगळे मिळून 1,720. हिवाळ्याचे पाच महिने वगळले तर राहिले सात, म्हणजे 300 गाईंना 2,100 लागतात. हातात आहेत ते 245 गाईंपुरते.

हिवाळ्याचा हिशोबही तिथेच जाऊन टेकतो. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर वर्षातून एकच कापणी होते. एकरी दीड टन धरला तर 510 टन. डिसेंबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत रोज 28 पौंड खाणाऱ्या गाईला दोन टनांहून थोडं जास्त लागतं, म्हणजे गवत 240-245 गाईंना कसंबसं पुरलं. त्यात 10-12 वळू, पुढच्या वर्षासाठी राखलेल्या चाळीसेक कालवडी आणि चार घोडे खाणार, शिवाय थोडं गवत बर्फात तुडवलं जाणार. मी 215 गाई धरून हिशोब करेन. विकणारा खोटं बोलत नसेल. चांगल्या पावसाच्या, बाहेरून गवत विकत घेतलेल्या एका वर्षी त्याच्याकडे 300 असतीलही.

पण हा सगळा हिशोब त्या 510 टनांवर उभा आहे आणि ते 510 टन पाण्यावर. म्हणून पाण्याबद्दल जरा सावकाश बोलतो.

वायोमिंगच्या राज्यघटनेप्रमाणे सगळ्या नद्या-ओढ्यांचं पाणी राज्याचं आहे. तुम्हाला मिळतो तो वापराचा हक्क, आणि त्याला एक तारीख असते. ज्याने आधी पाणी उपयोगात आणलं त्याचा हक्क आधी. टंचाईत पाणी वाटून घेत नाहीत. जुन्या तारखेवाल्याचं माप पूर्ण भरल्याशिवाय नव्या तारखेवाल्याला थेंब नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसमच्या फड पद्धतीशी ताडून बघा. तिथे बंधाऱ्यात पाणी कमी आलं तर गाव बसून ठरवायचं की यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणतं पीक घ्यायचं, आणि प्रत्येक फडात थोडीथोडी जमीन असल्याने तूट सगळ्यांच्या अंगावर सारखी यायची. इथे सगळी तूट शेवटून आलेल्याच्या डोक्यावर. सुरुवातीला मला हे निर्दय वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं. पण कर्ज देणाऱ्या बँकेला आणि रँच विकत घेणाऱ्याला यातून एक गोष्ट नक्की कळते: आपण रांगेत कितवे.

तुमची रांग बघू. 1888 मध्ये एलवुड मीड या मुलखाचा पहिला पाणी-अभियंता झाला (हूव्हर धरणाच्या मागचं लेक मीड याच्याच नावाचं). तेव्हापासून या राज्यात पाण्याची नोंद फार व्यवस्थित ठेवतात. चार पाणी-विभागांचे अधीक्षक आणि राज्याचा अभियंता मिळून 'बोर्ड ऑफ कंट्रोल' बनतं आणि त्यांचं टॅब्युलेशन हा पाण्याचा सातबारा. त्यातला तुमच्या रँचचा उतारा मी काढून पाहिला. 1889 ची तारीख खरी आहे, पण ती फक्त 140 एकरांची. उरलेल्या 200 एकरांची तारीख 1908. वायोमिंगचं माप 70 एकरांना एक क्युसेक. हा क्युसेक म्हणजे धरणातून विसर्गाच्या बातम्यांत येतो तोच, सेकंदाला सुमारे 28 लिटर. म्हणजे जुन्या तारखेचं पाणी दोन क्युसेक आणि नव्या तारखेचं 2.86. ओढ्याला भरपूर पाणी असताना 1 मार्च 1945 पूर्वीच्या हक्कांना आणखी तेवढंच घेता येतं, म्हणून जूनमध्ये तुम्हाला सगळी 340 एकर सारखी हिरवी दिसली. खालच्या बाजूला 1884 चा एक हक्क आहे. ओढा आटला आणि त्याने मागणी केली की पाणी अधिकारी येऊन तुमच्या 1908 च्या पाण्याचं गेट बंद करणार. कोरड्या वर्षी हे जुलैच्या सुरुवातीलाच होतं, गवत भरायच्या ऐन वेळी. मग त्या 200 एकरांत दीड टन कुठला, पाऊण टन आला तरी नशीब.

तरी एका बाबतीत तुम्ही सुदैवी आहात. ग्रीन नदी कोलोरॅडो नदीला मिळते, आणि त्या नदीच्या पाण्यावरून सात राज्यांचं भांडण 1922 च्या करारापासून चालू आहे. वरच्या राज्यांच्या 1948 च्या करारात 24 नोव्हेंबर 1922 पूर्वी वापरात आलेले हक्क कपातीतून वगळलेले आहेत. तुमच्या दोन्ही तारखा त्याआधीच्या. माळावरची गुरांच्या पाण्याची तळी मात्र 1956 ची आहेत, त्यांना हे संरक्षण नाही.

तारीख जुनी म्हणून फार फुगूनही जाऊ नका. पलीकडच्या विंड नदीच्या खोऱ्यात 1880 च्या दशकातले हक्क मिरवणाऱ्या रँच होत्या. 1977 मध्ये सुरू झालेला बिग हॉर्नचा दावा 2014 पर्यंत चालला आणि त्यात पूर्व शोशोनी आणि उत्तर अरापाहो जमातींच्या राखीव प्रदेशाला 1868 ची तारीख मिळाली, कारण फोर्ट ब्रिजरचा तह त्या वर्षीचा. 'आधी आलेला' या शब्दांवर एवढा मोठा कायदा उभा केला, आणि खरोखर आधी असलेल्यांना रांगेतली जागा सिद्ध करायला वकिलांच्या दोन पिढ्या लागल्या.

आता कागदावरचं पाणी चारीतून कसं वाहतं ते बघा. माझ्या पहिल्या काही कामांतलं एक अजून बोचतं. गिऱ्हाइकाने रँच घेतली, तारखा उत्तम, टॅब्युलेशन चोख. मी कागद वाचले, शेत पाहिलं आणि हिरवा कंदील दिला. पाटाच्या मुखापर्यंत चालत गेलो नाही, कारण ते शेजाऱ्याच्या हद्दीत दीड मैल वर होतं आणि मला संध्याकाळी घरी पोचायचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात वाद निघाला तेव्हा कळलं की कधीतरी पुरात जुनं हेडगेट वाहून गेलं होतं आणि कोणीतरी नवं गेट चारशे फूट वर बसवलं होतं. बोर्डाकडे अर्ज कोणी केलाच नव्हता. नोंदीत पाणी एका जागेवरून उचललेलं आणि प्रत्यक्षात दुसऱ्या. सर्वेअर, नकाशा, अर्ज, शेजाऱ्याची हरकत, यात त्यांचे दोन हंगाम गेले. चूक माझी होती. तेव्हापासून मी प्रत्येक पाट मुखापासून शेपटापर्यंत पायी चालतो, आणि तुम्हीही चाला.

चालताना काय बघायचं? पाणी मोजायचा पार्शल फ्लूम आहे का, आणि तो समपातळीत आहे की एका बाजूला खचलाय. (हा फ्लूम राल्फ पार्शलने 1920 च्या दशकात आमच्या फोर्ट कॉलिन्सलाच काढला.) शेजाऱ्याच्या हद्दीतून पाट काढायची आणि साफ करायची वहिवाट लेखी आहे की तोंडी. आणि नकाशात जी 340 एकर भिजणारी दाखवली आहेत तीच जमीन भिजते का. इथे हक्क त्या एकराला चिकटलेला असतो, मालकाला नाही. तुमच्या उताऱ्यातल्या सुमारे 15 एकरांवर आता घोड्यांचं रिंगण आणि गोठे उभे दिसतात. सलग पाच वर्षं पाणी असूनही न वापरलेला हक्क रद्द करा अशी मागणी, ज्याला त्याचा फायदा होईल अशा त्याच ओढ्यावरच्या हक्कवाल्याला करता येते. रांगेत तुमच्या मागे असलेला कोणी झोपलेला नसेल तर त्याच्याही हे लक्षात आलेलं असणार.

जूनमध्ये रँच बघू नका म्हणतो ते यासाठी. जूनमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळत असतो आणि कोणतीही रँच कोकणासारखी दिसते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात जा. 1908 च्या तुकड्याचा रंग बघा. मग पिकअप घेऊन सरकारी माळावर जा आणि प्रत्येक तळ्यात उतरून बघा. पाण्यापासून दोन मैलांपलीकडचं गवत मी हिशोबात धरत नाही, कारण गाय तिथवर जात नाही. ती पाण्याजवळच घुटमळते, तिथलं मुळापासून ओरबाडते आणि लांबचं उभं वाळून जातं. 1956 ची ती तळी ऑगस्टमध्ये भेगाळलेली दिसली तर वर सांगितलेल्या 900 मधले दोन-अडीचशे गाय-महिने खोडून टाका. सौर पंपाची एक विंधन विहीर पुष्कळ फरक पाडते, पण सरकारी जमिनीवर ती घ्यायला परवानगी लागते, आणि परवानगीला वेळ.

माणसाबद्दल. तुम्ही लिहिलंय 'गुरांचा अनुभव असलेला कोणी तरुण मुलगा ठेवू'. गुरं सांभाळणारे मिळतात हो, पण पाणी सांभाळणारा मिळत नाही. तिकडे मे-जुलैमध्ये माणूस गुडघाभर रबरी बूट घालून, खांद्यावर फावडं टाकून पाटावर असतो. लांब दांड्याला गुंडाळलेली ताडपत्री पाटात आडवी टाकायची, तिच्या कडेवर चिखलाचे लगदे आणि दगड ठेवायचे, पाणी फुगून काठावरून शेतात पसरलं की बारा तासांनी ती उचलून पुढे. आपल्याकडे दारं धरतात तेच हे काम. वडील चारीवर रात्रपाळीला जायचे तेव्हा मी कंदील धरून मागे असायचो, म्हणून पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला परदेशात आल्यासारखं वाटेचना. पाणी कुठे मुरतं, कुठून निसटतं, कोणत्या उंचवट्याला कितीदा फिरून जावं लागतं, हे त्या एका शेतावर पाच-सहा हंगाम काढल्याशिवाय कळत नाही. सध्या तिथे जो माणूस पाणी देतो त्याचं वय, त्याची घरची परिस्थिती, त्याला राहायचंय का, हे मी गाईंच्या आधी विचारीन. तो राहणार असेल तर त्याला पगाराबरोबर वासरांत वाटा द्या. तो जाणार असेल तर त्या 340 एकरांची किंमत खाली ओढा. आणि मार्चमध्ये शून्याखाली वीस अंशांत, रात्री दोनला कालवड अडली की शनिवार-रविवारचा मालक उपयोगाचा नसतो, हेही धरून चाला.

पैशांचं एवढंच: 1 जानेवारी 2025 ला अमेरिकेतली एकूण गुरं 8 कोटी 67 लाख होती, 1951 नंतरची सगळ्यात कमी. म्हणून 2025 मध्ये वासरांना विक्रमी भाव मिळाला आणि जाहिरातीतलं उत्पन्न त्या भावाने काढलंय. भाव एक तृतीयांशाने उतरला आणि 1908 चं पाणी जुलैत गेलं, असं एक वर्ष घालून हिशोब पुन्हा करा. कर्जाचा हप्ता त्या वर्षातही निघायला हवा.

आणि आई. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आडपडदा न ठेवता. ही दुधाची गुरं नाहीत. वासरं साताठ महिन्यांची झाली की शरद ऋतूत ट्रक येतो, ब्रँड इन्स्पेक्टर डाग तपासतो, वासरं चढतात आणि शेवट खाटीकखान्यात होतो. भाकड राहिलेल्या गाईसुद्धा त्याच ट्रकने जातात. गुरं ठेवायचीच नाहीत म्हणाल तर परमिट धोक्यात. दुसऱ्याला भाड्याने चारू म्हणाल तर गुरं त्याची, पण रस्ता तोच. याला पळवाट नाही. मी या धंद्यात आलो तेव्हा माझ्या आईने एवढंच विचारलं, "तू स्वतः हात लावतोस का रे?" मी म्हणालो, मी फक्त गवत मोजतो. ती गप्प बसली आणि नंतर कधी तो विषय निघाला नाही. तुमच्या घरी काय बोलायचं ते तुम्ही ठरवा, पण इसार देण्याआधी तिन्ही घरांत बोला. एका व्यवहारात एका भागीदाराच्या पत्नीला पहिला ट्रक बघूनच हे उमगलं, आणि सहा महिन्यांत भागीदारी तुटली.

या आठवड्यात एकच फोन करा. त्या भागातल्या पाणी अधिकाऱ्याला, इकडे त्याला हायड्रोग्राफर-कमिशनर म्हणतात, विचारा की 2002, 2012 आणि 2021 या तीन वर्षांत या पाटाचं 1908 चं पाणी कोणत्या तारखेला बंद केलं. तो वहीत बघून सांगेल. तारखा मिळाल्या की मला कळवा, मग किमतीबद्दल बोलू.